जिताड्याचा वाटा

गळ टाकून मासा धरायचा तर सगळ्यात महत्त्वाचं काय लागतं, हे हल्ली मला बरेच जण विचारतात. विचारणारी बहुतेक तरुण पोरं असतात, मुंबई-पुण्याकडची. शनिवारी रात्री निघतात, पहाटे धरमतरच्या खाडीवर किंवा रेवदंड्याच्या पुलाच्या आसपास उभी राहतात, नाहीतर आमच्या खारेपाटातल्या एखाद्या उघाडीवर येऊन बसतात. पोरं चांगली असतात. कचरा करत नाहीत, बांधाची माती उकरत नाहीत, म्हाताऱ्या माणसाला आपली खुर्ची देतात. पण त्यांच्या बोलण्यातली यादी ठरलेली. आधी रॉड, मग रील, मग दोरा, मग ती प्लास्टिकची रंगीत मासळी, जिला ते लुअर म्हणतात, आणि अगदी शेवटी, आपण विचारलंच तर, गळ.

ही यादी पैशांच्या क्रमाने लावलेली असते. रॉडला चार-पाच हजार, रीलला तेवढेच, गळाला दहा-वीस रुपये. ज्याला जास्त मोजले ते जास्त महत्त्वाचं, असं मन धरून चालतं. माशाच्या बाजूने पाहिलं तर तीच यादी उलटी होते. जिताड्याला रॉड ठाऊक नाही, रील ठाऊक नाही. त्याचा काय संबंध येतो तो दोरीच्या शेवटच्या चार हातांशी.

ज्यांनी जिताडा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंग्रजीत ज्याला सी-बास म्हणतात, तो हा. गोव्यात याला चोणक म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. खाऱ्या पाण्यात राहतो, गोड्या पाण्यात राहतो, दोन्ही जिथे मिळतात तिथे तर हमखास. आमच्याकडे पावसाळ्यात खाडीतली बोटाएवढी पिल्लं आणून घरामागच्या तळ्यात सोडायची जुनी रीत आहे. घरी जावई आला, कचेरीत काही काम अडलं, की तळ्यातला जिताडा निघायचा. कितीतरी सातबारे या माशाने सरळ केले असतील.

हा मासा चावत नाही, गिळतो. तोंड एकदम उघडतो, पाण्यासकट कोलंबी आत ओढली जाते आणि रात्रीच्या शांततेत 'टप्प' असा आवाज येतो. तोंड निबर, त्यामुळे गळ बोथट असेल तर रुतत नाही. कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी, मासा डोकं झटकतो तेव्हा बारीक दोरी त्या कडेवर सापडली की संपलं. पाण्याबाहेर उडी मारून डोकं हलवतो, तेव्हा दोरीत जरा ढील असली तरी गळ निसटून पडतो. म्हणून मी पोरांना सांगतो की रॉड कुठलाही आणा, पण गळ धारदार आणा, टोकाचा तंगूस जाड आणा आणि गाठ नीट मारायला शिका. तंगुसाची गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करावी लागते. कोरडी आवळली की घर्षणाने तापते आणि तिथेच कमजोर होते. डोळ्याला काही दिसत नाही. मासा लागल्यावर कळतं.

आणि हे सगळं झाल्यावर पाणी. उघाडी म्हणजे खारबंदिस्तीच्या बांधातली झडपेची मोरी. भरतीचं खारं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा झडप मिटते, ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलतं आणि ती उघडते. आतल्या पाण्याबरोबर कोलंबी, बोयटं, बारीक मासळी बाहेर पडते, आणि जिताडा तोंडाशी वाट बघत असतो. पाणी फिरल्यानंतरचे दोन-तीन तास हे खरे. बाकीच्या वेळी सोन्याचा गळ टाकलात तरी बसून राहाल. म्हणजे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दुकानात मिळतच नाही, पंचांगात मिळते.

इथवर सगळं सोपं आहे. कोणताही जाणता गरवणारा हेच सांगेल. मला छळतो तो याच्या पुढचा प्रश्न. 'सगळ्यात महत्त्वाचं' म्हणजे नेमकं काय?

एक रीत अशी की एकेक वस्तू काढून टाकून बघायची. जिच्यावाचून अडेल ती महत्त्वाची. रॉड काढा. आमच्याकडे निम्मे लोक नुसत्या हातानेच दोरी टाकायचे, तंगूस रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला. म्हणजे रॉड गेला, रीलही गेली. शिसं काढा, त्याच्या जागी खडा बांधता येतो. आमिष काढा, प्लास्टिकची मासळी चालते. गळ काढा? इथे माणूस थबकतो. पण खेकडा धरायला गळ लागत नाही. दोरीला माशाचं डोकं बांधून सोडलं की खेकडा ते धरतो, आणि हावेपोटी सोडत नाही, हळूहळू वर घेऊन खालून पाटी लावायची. मग उरली दोरी. दोरी काढली तर मात्र हे गरवणं राहत नाही, त्याला दुसरं काहीतरी म्हणावं लागेल. म्हणून दोरी सगळ्यात महत्त्वाची? नुसती दोरी घेऊन खाडीवर बसलेल्या माणसाला लोक दुसऱ्याच कारणासाठी घरी घेऊन जातील.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भंते मिलिंद राजाला असंच पेचात पकडतात. तू रथातून आलास, तर रथ कोणता ते दाखव. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू? या सगळ्यांची बेरीज? की यांच्याहून वेगळं काही? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की हे सगळं मिळून आलं की आपण त्याला 'रथ' असं नुसतं नाव देतो. वाद फार सुंदर आहे. फक्त एक गोष्ट भंतेंनी विचारली नाही, रथ कोणाचा? तो राजाचाच होता, त्यावर वादच नव्हता. आणि खेड्यात वाढलेल्या माणसाला तोच प्रश्न आधी सुचतो. कारण आमच्याकडे 'महत्त्वाचं काय' हे शेवटी 'वाटा कोणाला किती' इथे येऊन थांबतं.

मी सातवीत असतानाची दिवाळी. गावचे एक काका मुंबईला गोदीत कामाला होते. कुठल्याशा बोटीवरच्या खलाशाकडून त्यांनी काचेच्या तंतूंची काठी आणि पितळी मुठीची रील घेतली होती. आमच्या भागात तोवर असलं काही कोणी पाहिलं नव्हतं. गावात त्या रीलचं नाव 'चाक' पडलं. पाडव्याच्या दुपारी काका उघाडीवर निघाले, मागे आम्ही पाच-सहा पोरं. अमावास्येचं उधाण होतं. उधाणाला आमच्याकडे भरती दुपारी बाराच्या सुमाराला भरते, पाडव्याला थोडी उशिरा, म्हणजे दिवेलागणीपर्यंतची ओहोटी हातात होती.

कोलंबी आणून दिली कातकरवाडीतल्या एका पोराने. माझ्याच वयाचा असेल, शाळेत नव्हता. कमरेएवढ्या पाण्यात शिरून झोळण्याने त्याने जिती कोलंबी धरली आणि डालडाच्या डब्यात पाणी घालून त्यात ठेवली. काका उघाडीच्या बरोबर तोंडासमोर उभे राहिले होते. त्याने त्यांना हाताने खूण करून डावीकडे नेलं, जिथे पाणी तिवरांच्या कडेने वळसा घेतं. मग त्याने गळाची दोरी दोन बोटांच्या चिमटीतून ओढून पाहिली. कुठेतरी खरखर लागली असावी. हातभर दोरी दाताने तोडून टाकली, गळ पुन्हा बांधला, गाठीवर थुंकला आणि आवळली. काका हसले. मग तो बांधावर उकिडवा बसून राहिला. बराच वेळ काहीच नाही. आम्ही कंटाळलो. तो एकदाच बोलला, "पानी फिरलं."

पुढचं मी लांबवत नाही. मासा लागला, चाक किरकिरलं, काकांनी खरंच ताकदीने आणि अकलेने त्याला धरून ठेवलं, हे नाकारता येणार नाही. दोनदा तो उडाला. तिसऱ्यांदा तिवरांत शिरला आणि दोरी मुळांत अडकली. तो पोरगा चिखलात उतरला. तिवरांखालचा चिखल म्हणजे मांडीपर्यंत, आत शिंपल्यांच्या धारा. त्याने दोरी मोकळी केली, माशाच्या खालच्या जबड्यात अंगठा घातला आणि तसाच ओढत आणला. वाण्याच्या काट्यावर आठ किलो भरला. पोराच्या पोटरीवर वीतभर चिरलं होतं. काकांनी त्याला एक रुपया दिला आणि माशाचं डोकं दिलं.

डोकं दिलं हा अपमान होता असं कोणी समजू नये. आमच्याकडे जिताड्याच्या डोक्याचं आंबट म्हणजे काय, हे ज्याने खाल्लंय त्यालाच ठाऊक. काकांच्या आईने नंतर तुकड्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं म्हणून त्यांना चांगलं फैलावर घेतलं. माशात तरी महत्त्वाचं काय, यावरही एकमत नाही ते असं.

पोरगा डोकं पानात गुंडाळून निघून गेला. वाद झाला तो रात्री, आमच्या ओटीवर. माझा आजा सुपारी कातरत बसला होता. त्याने कोलंबीचं, गाठीचं, चिखलाचं सगळं माझ्याकडून आधीच काढून घेतलं होतं. काका मासा कसा लागला ते रंगवून सांगत होते.

आजा म्हणाला, "पोराला काय दिलास?"

काकांनी सांगितलं. आजा काही बोलला नाही. त्या न बोलण्याने काकाच चिडले.

"काका, काठी माजी, चाक माजा, दोरी माजी. खेचला पन मीच. मंग मासा कोनाचा?"

"तुजा बापूस खोताला काय बोल्ला व्हता, ठावं हाय ना?"

ओटीवर शांत झालं. ज्यांना या भागाची माहिती नाही त्यांना हे कळायचं नाही. आमचं गाव चरीपासून लांब नाही. १९३३ साली चरीच्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं, आणि ते १९३९ पर्यंत धरून ठेवलं. सहा वर्षं. आजा तेव्हा पंचविशीच्या आतला होता, या काकांचे वडील त्याच्याच बरोबरीचे. सहा पावसाळे गेले, खाचरांत गवत वाढलं, कोणी मोळ्या विकल्या, कोणी खाडीवर पोट भरलं. आजा त्या दिवसांबद्दल फारसं बोलायचा नाही. 'खाडीनं जगवलं' एवढंच. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. जमीन प्रत्यक्ष कुळांच्या नावावर यायला पुढे वीस वर्षं गेली, १९५७ साल उजाडलं.

आता खोताचं म्हणणं आठवून पाहा. जमीन माझी. जमीन काढून टाका, मग बघू भात कुठे पिकवता. हे खोटं नव्हतं. जमिनीशिवाय भात पिकत नाहीच. कुळांचं म्हणणं, हात काढून टाका, मग बघू तुमची जमीन काय पिकवते. तेही खोटं नव्हतं, आणि त्यांनी ते सहा वर्षं करून दाखवलं. वस्तू काढून टाकून तिचं महत्त्व मोजायची जी रीत मी वर सांगितली, ती इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतकी उपाशी राहून दुसऱ्या कोणी वापरली असेल असं मला वाटत नाही. पण त्या रीतीने दोघेही जिंकतात. ज्या ज्या गोष्टीवाचून अडतं ती प्रत्येक गोष्ट म्हणू शकते की सगळ्यात महत्त्वाची मीच. त्यावरून वाटा निघत नाही. मग त्यातल्या ज्याच्याकडे कागद असतो तो वाटा घेऊन जातो.

गोदीतले काका उघाडीवर खोताचंच वाक्य बोलत होते, फक्त जमिनीच्या जागी काठी होती. त्यांच्या बापाने ज्या वाक्याविरुद्ध सहा वर्षं काढली तेच. मला त्यांच्यावर राग धरवत नाही. काठी विकत घेताना त्यांनी ओव्हरटाइमच्या रात्री मोजल्या होत्या. ती काठी म्हणजे त्यांचे साठवलेले हातच होते. वस्तूचा मालक होणं इतकं हळूच होतं की माणसाला पत्ता लागत नाही.

ते म्हणाले, "म्हंजे काठीला काय किंमतच नाय?"

"हाय ना," आजा म्हणाला. "होरीचा वाटा असतो, जाल्याचा वाटा असतो. मानसाचा पन असतो." पोटासाठी मासे मारणाऱ्यांनी हा प्रश्न कधीच सोडवून टाकलेला आहे. होडीला वाटा, जाळ्याला वाटा, मग माणशी वाटा. कोणाला किती यावर भांडणं होतात, पण साधनाचा मालक सगळा मासा घेऊन घरी जात नाही. हौसेने गरवणाऱ्याला मात्र असं वाटतं की आपण एकटेच आहोत, आपल्यात वाटेकरी कोण?

आणि मग आजाने असं काही सांगितलं, जे मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. "काठी घरान आली. चाक घरान आला. कोलबी आली का? पोराची दुपार आली का घरान?"

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. आजाचं म्हणणं असं दिसतं की महत्त्वाचं काय हे सोडा, खर्ची काय पडलं ते बघा. एखाद्या कामात काही गोष्टी वापरल्या जातात आणि होत्या तशा परत येतात. काही गोष्टी त्या कामात संपतात. जे संपलं त्याचा वाटा आधी काढायचा. काठी उद्याही मासा धरील. कोलंबी, पोटरीवरची कातडी आणि गेलेली दुपार यांना उद्या नाही. नांगर खुंटीला परत लागतो, बैलाचं वय परत येत नाही. हा हिशोब मला किमतीच्या हिशोबापेक्षा आणि 'याच्यावाचून अडतं' या हिशोबापेक्षाही जास्त न्यायाचा वाटतो. यात पोराच्या शहाणपणाचं, म्हणजे त्या गाठीचं आणि पाण्याच्या वळणाचं काय करायचं हे मला नीट उलगडत नाही. शहाणपण तर काठीसारखंच परत घरी येतं, उलट थोडं वाढून येतं. पण ते कमवताना किती दुपारी गेल्या असतील, ते कोणी मोजत नाही.

हा हिशोब धरला की तो थांबत मात्र नाही, ही त्याची अडचण. त्या दुपारी सगळ्यात जास्त खर्ची कोण पडलं? पोरगा नव्हे. जिताडा.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत, आणि एकनाथांमुळे ते मराठी घराघरांत पोचले. त्यात मासा एक गुरू आहे. तो जिभेच्या हावेपायी गळाला लागतो, म्हणून जीभ आवरा, हा त्याचा धडा. त्याच यादीत बाण घडवणारा कारागीरही गुरू आहे, कामात इतका बुडालेला की शेजारून राजाची मिरवणूक गेली तरी त्याला कळलं नाही. गरवणाऱ्या माणसाला स्वतःमध्ये तो कारागीर दिसतो आणि पाण्यात तो हावरा मासा. दोरीच्या एका टोकाला एकाग्रता, दुसऱ्या टोकाला लोभ. फार सोयीचं आहे हे. पण जिताडा चव घेतच नाही. तो हलणारी वस्तू पाण्यासकट आत ओढतो, आणि प्लास्टिकच्या मासळीला तर चवच नसते. जीभ बिचारी विनाकारण बदनाम झाली आहे. तो मरतो तो पोटाच्या साध्या नियमाने, ज्या नियमाने आपण जगतो.

आणखी एक गोष्ट मला पुढे मोठेपणी कळली. जिताडा आधी नर असतो. काही वर्षं नर म्हणून जगल्यावर, अंगाने मोठा झाल्यावर तो मादी होतो. म्हणजे मोठे जिताडे बहुतेक माद्याच. पावसाळ्यात त्या खाडीच्या तोंडाकडे जाऊन लाखोंनी अंडी घालतात. आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, पण बांधावर काठी घेऊन बसलेल्या माणसाला कोणी विचारत नाही. मोठा मासा म्हणजे मोठं कौतुक. फोटो मोठ्याचाच निघतो. उघाडीवरची आठ किलोची ती बहुधा मादीच होती, आणि तिच्याबरोबर पुढचं काय काय गेलं त्याचा काटा वाण्याकडे नव्हता.

मग खाडीचा वाटा किती? नारळी पौर्णिमेला आपण नारळ सोडतो, एवढंच मला माहीत आहे. हल्लीची काही पोरं मासा धरून, मोजून, परत पाण्यात सोडतात. गावातले लोक त्यांना हसतात. खायचा नाही तर त्याच्या तोंडाला भोक कशाला पाडलं, असं विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असंही नाही. तरी मला सोडणाऱ्यांचं म्हणणं निदान मोठ्या माशापुरतं पटतं. दीड-दोन किलोचा घरी न्यावा, पोटभर जेवावं. आठ किलोची जाऊ द्यावी. यात पुण्य वगैरे काही नाही, बियाणं खाऊ नये एवढाच शेतकरी हिशोब आहे. आजाला हे पटलं असतं का, सांगता येत नाही. उपाशी दिवसांत खाडीने त्याला जगवलं तेव्हा त्याने नर-मादी पाहिली नसणार.

आणि त्या रात्रीची एक गोष्ट मला अजून टोचते. पोराच्या वाट्यावर एवढा वाद झाला, तो आमच्या ओटीवर, आम्हा सातबाऱ्यावर नाव लागलेल्या माणसांत. पोरगा तिथे नव्हता. त्याला बोलवावं असं आजालाही सुचलं नाही.

काकांची रजा अजून आठवडाभर होती. भाऊबीजेनंतर ते रोज उघाडीवर जायचे. पोरगा आला नाही. जिती कोलंबी धरणं काकांना जमेना, बाजारातली मेलेली कोलंबी लावून ते बसायचे आणि शिंगाळ्या घेऊन परत यायचे. शिंगाळ्या सोडवताना दोनदा हाताला काटा लागला. "पोरगा रुसला," ते म्हणायचे. आजाला तर आनंद मावेना. "रुसला नाय, संप केलान त्यानं!" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. तिशी-चाळिशीतली माणसं हसायची, म्हातारी हसायची नाहीत, मान हलवायची.

मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, आणि ही गोष्ट तशीच सांगितली तर जास्त गोड लागेल. पण अमावास्येचं उधाण ओसरून अष्टमीकडे जाता जाता पाणी भांगाचं झालं होतं, उघाडीला ओढच राहिली नव्हती. भांगाच्या पाण्यात जिती कोलंबी लावूनही काकांना फार काही मिळालं नसतं. आणि कातकरवाडीतली निम्मी घरं भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बंद झाली होती. मुकादम ट्रक घेऊन आला होता, माणसं वीटभट्टीवर गेली होती, दरवर्षी जातात तशी. कशामुळे मासा लागला नाही, हे ठरवायला एका वेळी एकच गोष्ट काढून घ्यावी लागते. इथे सगळ्याच एकदम निघून गेल्या होत्या.

पाऊस तोंडावर आला तेव्हा वाडीतली माणसं परतली. तो पोरगा एका संध्याकाळी चिंबोऱ्या विकायला आमच्या दारात आला. उंच झाला होता, हात विटांनी फाटले होते. आजाने त्याला ओटीवर बसायला सांगितलं. तो पायरीवर बसला. आजाने चिंबोऱ्यांचा भाव केला नाही, सांगितला तेवढा दिला, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, दिवाळीत उघाडीवर आला का नाहीस.

"उचल घेतली व्हती," तो म्हणाला. "बापानं. पावसात."

आजाने आणखी काही विचारलं नाही.